पुण्यात परदेशी पाहुणे येणार : विमाने कशी जुळवायची?

पुण्यात आंतरराष्ट्रीय बैठक, वितरक मेळावा किंवा परिषद भरवणाऱ्या वाचकांनी गेल्या काही आठवड्यांत विमानप्रवासाच्या जुळवाजुळवीबद्दल बरेच प्रश्न पाठवले आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे दिली आहेत. वेळापत्रके बदलत असतात. त्यामुळे इथे दिलेली पद्धत वापरा, पण विमानाची वेळ तिकीट काढण्याच्या दिवशी पुन्हा तपासा.

प्रश्न : आमचा भोसरीत यंत्रांच्या सुट्या भागांचा कारखाना आहे. फेब्रुवारीत तीन दिवसांचा वितरक मेळावा घेत आहोत. जर्मनी, थायलंड, दुबई आणि केनियातून मिळून 60 जण येतील. सगळ्यांना पुण्यातच उतरवावे की मुंबईत? – उद्योजक, भोसरी

सगळ्यांसाठी एकच उत्तर शोधू नका. आधी पाहुण्यांचे निघण्याच्या शहरानुसार गट करा.

पुण्याहून थेट परदेशी विमाने मोजक्याच शहरांना आहेत. दुबई, बँकॉक आणि सिंगापूर हे मार्ग गेल्या काही वर्षांत सुरू झाले, अधूनमधून थांबले, त्यांचे वारही बदलले. तुमच्या तारखांना थेट विमान असेल तर दुबई आणि बँकॉकच्या पाहुण्यांना लोहगावलाच, म्हणजे पुण्याच्या विमानतळावरच, उतरवा. पण ते विमान रोज आहे की आठवड्यातून ठरावीक दिवशी, हे आधी पाहा. ठरावीक दिवशीच असेल आणि ते रद्द झाले, तर पुढचे थेट विमान दोन-तीन दिवसांनी मिळते आणि तोवर मेळावा संपलेला असतो. अशा पाहुण्यांसाठी मुंबईमार्गे येण्याचा दुसरा पर्याय आधीच लिहून ठेवा.

जर्मनीच्या पाहुण्यांसाठी मुंबई सोयीची. फ्रँकफर्ट आणि म्युनिकहून मुंबईला थेट विमाने आहेत. नैरोबीहूनही मुंबईला थेट विमान आहे. मुंबईत उतरून गाडीने भोसरी गाठणे हे दिल्लीत विमान बदलून लोहगावला उतरण्यापेक्षा बहुधा कमी दगदगीचे ठरते.

खरा पेच वेळेचा आहे. युरोपातून दुपारी निघालेली विमाने मुंबईत मध्यरात्रीच्या आसपास उतरतात. इमिग्रेशन, बॅगा, कस्टम्स उरकून बाहेर यायला एक ते दीड तास धरा. म्हणजे पाहुणा रात्री दोनच्या सुमारास सहारच्या, म्हणजे मुंबईच्या आंतरराष्ट्रीय टर्मिनलच्या, दाराशी उभा असतो. त्याला तसेच गाडीत बसवले तर पहाटे साडेपाच-सहाला तो पुण्यातल्या हॉटेलात पोहोचतो आणि तिथे त्याला सांगितले जाते की खोली दुपारी दोनला मिळेल. म्हणून खोली आदल्या रात्रीपासून घ्या आणि ‘पाहुणा पहाटे येणार आहे’ असे हॉटेलला लेखी कळवा. न कळवल्यास काही हॉटेले रात्री पाहुणा आला नाही असे धरून पुढचे सगळेच बुकिंग रद्द करतात.

आमची शिफारस वेगळी आहे. रात्री अकरानंतर उतरणाऱ्यांना अंधेरी-सहार भागात मुक्काम द्या आणि सकाळी साडेनऊला एकत्र बसने आणा. रात्रभर जागलेला चालक, बारा-पंधरा तास प्रवास केलेला प्रवासी आणि पहाटेचा घाट ही तिन्ही एकत्र येणे टाळण्यासाठी एका रात्रीचे भाडे देणे योग्यच आहे.

तुमच्या तीन दिवसांची मांडणी अशी करता येईल. मेळावा मंगळवारी दुपारी सुरू करा आणि गुरुवारी दुपारी जेवणानंतर संपवा. युरोपातले पाहुणे रविवारी दुपारी निघतील, मध्यरात्री मुंबईत उतरतील आणि सोमवारी दुपारपर्यंत भोसरीत येतील. कुणाचे विमान चुकले तरी हातात पूर्ण एक दिवस राहतो. परतताना गुरुवारी दुपारी चारला भोसरी सोडली तर रात्री साडेनऊपर्यंत विमानतळ गाठता येतो आणि मध्यरात्रीनंतरची विमाने निवांत मिळतात. शनिवार-रविवारची घाटातली गर्दीही टळते.

केनियाच्या पाहुण्यांबाबत एक गोष्ट वेगळी लक्षात ठेवा. केनिया पीतज्वराच्या (यलो फीव्हर) देशांच्या यादीत आहे. तिथून येणाऱ्याकडे लसीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र लागते आणि ते लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य होते. प्रमाणपत्र नसेल किंवा लस कालच घेतलेली असेल तर विमानतळावरून थेट विलगीकरणात जावे लागू शकते, तेही सहा दिवसांपर्यंत. निमंत्रणाच्या पहिल्याच पत्रात हे ठळक लिहा. आफ्रिकेत विमान बदलून येणाऱ्या इतर पाहुण्यांनाही ते कळवा.

प्रश्न : दिल्लीत उतरून तिथून पुण्याचे विमान घेणाऱ्या पाहुण्यांसाठी मध्ये किती वेळ ठेवावा? आमच्या ट्रॅव्हल एजंटने दोन तास पुरेसे म्हटले आहे. – परिषद समन्वयक, पाषाण

दोन तास पुरेसे नाहीत. का नाहीत, ते पायरीपायरीने सांगतो, म्हणजे एजंटशी बोलताना उपयोग होईल.

परदेशातून येणाऱ्याचे इमिग्रेशन भारतातल्या पहिल्या विमानतळावर होते. सर्वसाधारणपणे त्याची बॅगही तिथेच पट्ट्यावरून उचलावी लागते, कस्टम्समधून न्यावी लागते आणि पुण्याच्या विमानासाठी पुन्हा द्यावी लागते. बॅगेवरच्या चिठ्ठीवर पुण्याचा कोड असला तरी हे बहुतेक वेळा चुकत नाही. अनेक परदेशी पाहुण्यांना हे माहीत नसते. ते थेट पुढच्या गेटकडे जातात आणि बॅग दिल्लीतच पट्ट्यावर फिरत राहते. त्यानंतर पुन्हा सुरक्षा तपासणी. देशांतर्गत विमानाचा चेक-इन काउंटर सुटण्याच्या साधारण तासभर आधी बंद होतो. हे सगळे दोन तासांत बसवायचे तर एकाही रांगेत थांबावे लागता कामा नये.

पुढचा मुद्दा टर्मिनलचा. दिल्लीत आंतरराष्ट्रीय विमाने टर्मिनल 3 ला येतात, पण पुण्याचे विमान टर्मिनल 1 वरून असू शकते आणि तिथे रस्त्याने जावे लागते. मुंबईतही सहारचे टर्मिनल 2 आणि सांताक्रूझचे टर्मिनल 1 यांच्यामध्ये रस्ता आहे. बेंगळुरूत आंतरराष्ट्रीय विमाने टर्मिनल 2 वर आहेत आणि काही देशांतर्गत विमाने टर्मिनल 1 वरून सुटतात, मात्र दोन्ही इमारती जवळजवळ आहेत. हैदराबादला सगळे एकाच इमारतीत आहे. म्हणून विमान बदलायचेच असेल तर आम्ही हैदराबादला झुकते माप देतो. फ्रँकफर्टहून हैदराबादला जानेवारी 2024 पासून थेट सेवा सुरू झाली. म्युनिकहून बेंगळुरूची सेवा त्याआधी नोव्हेंबर 2023 मध्ये आली. जर्मन कंपन्यांचा पुण्याशी मोठा संबंध आहे, तरी हे दोन मार्ग अजून पुष्कळ आयोजकांच्या ध्यानात येत नाहीत.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : दोन्ही विमाने एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर (बुकिंग क्रमांकावर) हवीत. एका तिकिटावर असतील आणि पहिले विमान उशिरा आले, तर पुढच्या विमानात बसवणे ही विमान कंपनीची जबाबदारी असते. तिकिटे वेगवेगळी काढली तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुमचा पाहुणा फक्त ‘आला नाही’. नवे तिकीट त्या दिवशीच्या भावाने घ्यावे लागते. सामानाचाही फटका बसतो. आंतरराष्ट्रीय तिकिटावर 23 किलोच्या एक किंवा दोन बॅगा चालतात, तर देशांतर्गत इकॉनॉमीत साधारण 15 किलो. एकाच तिकिटावर आंतरराष्ट्रीय मर्यादा पुण्यापर्यंत लागू राहते, वेगळ्या तिकिटावर जादा वजनाचे पैसे काउंटरवर भरावे लागतात.

एकच तिकीट कुणाबरोबर मिळेल? एअर इंडिया 2014 पासून स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात आहे. त्यामुळे लुफ्तान्सा, स्विस, सिंगापूर एअरलाइन्स यांसारख्या कंपन्यांच्या तिकिटाला एअर इंडियाचा पुण्याचा टप्पा जोडून मागता येतो. इंडिगोचे एअर फ्रान्स, केएलएम, क्वांटास, कतार यांच्याशी कोडशेअर करार आहेत, म्हणजे एका कंपनीच्या तिकिटावर दुसरीच्या विमानात जागा मिळते. करार असला म्हणजे प्रत्येक विमानावर जोडणी मिळतेच असे नाही. एजंटला ‘पुण्यापर्यंतचे एकच तिकीट दाखवा’ असेच सांगा.

आमचे प्रमाण असे : एकच तिकीट असेल तर किमान तीन तास, टर्मिनल बदलायचे असेल तर चार. वेगवेगळ्या तिकिटांवर सहा तासांपेक्षा कमी ठेवू नका. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत सकाळच्या वेळी दिल्ली शक्यतो टाळाच. धुक्यात मोठी विमाने उतरतातही, पण पुण्याला जाणारे विमान ज्या शहरातून दिल्लीला यायचे असते तेच अडकते आणि दिवसभराच्या फेऱ्या मागे पडत जातात.

प्रश्न : फ्रँकफर्ट किंवा लंडनहून मोठे विमान थेट पुण्याला का येत नाही? मागणी तर आहे. – वाचक, औंध

मागणी आहे यात शंका नाही. लुफ्तान्साची फ्रँकफर्ट–पुणे सेवा 2008 मध्ये सुरू झाली होती आणि बरीच वर्षे चालली, तीही लहान विमानाने. अडचण दोन ठिकाणी आहे.

लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे. प्रवासी टर्मिनल त्याच्या एका कडेला आहे, धावपट्टी एकच आहे आणि तिची लांबी अडीच किलोमीटरच्या किंचित वर. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच आहे. इथली हवा विरळ आणि उन्हाळ्यात तापलेली. अशा हवेत विमानाला जमीन सोडायला जास्त धाव लागते. युरोपापर्यंतचे इंधन भरलेले मोठे विमान या लांबीवरून उडवायचे तर प्रवासी किंवा माल कमी करावा लागतो आणि मग फेरी परवडत नाही. त्यात लढाऊ विमानांच्या सरावाच्या वेळा सांभाळाव्या लागतात.

दुसरी अडचण कागदावरची. दोन देशांमधल्या हवाई करारात परदेशी कंपनीला भारतातल्या कोणत्या शहरात उतरता येईल आणि आठवड्याला किती जागा विकता येतील, हे लिहिलेले असते. यादीत शहर नसेल किंवा जागा संपल्या असतील, तर विमान आणि प्रवासी दोन्ही असूनही फेरी सुरू होत नाही. नव्या टर्मिनलमुळे प्रवाशांची सोय वाढली, 14 जुलै 2024 पासून ते वापरातही आहे, पण धावपट्टी आणि करार तेच आहेत.

प्रश्न : मग नवी मुंबई आणि पुरंदरचे काय? पुढच्या वर्षीच्या परिषदेसाठी त्यांचा विचार करावा का? – वाचक, कोथरूड

पुरंदर सोडून द्या. तो विमानतळ बांधून व्हायचा आहे, त्याच्या भरवशावर कोणतीही तारीख ठरवू नका.

नवी मुंबईचा विचार जरूर करा. 25 डिसेंबर 2025 पासून तिथे प्रवासी विमाने सुरू झाली, सुरुवात देशांतर्गत उड्डाणांनी झाली. पनवेलजवळ असल्यामुळे द्रुतगती मार्ग जवळ पडतो आणि सहार ते वाशी हा शहरातला सर्वांत बेभरवशाचा तुकडा पूर्ण टळतो. परदेशी पाहुण्याचे विमान तिथे थेट उतरत असेल तर उत्तमच. पण सहारला उतरून नवी मुंबईहून पुढचे विमान पकडण्याचा बेत करू नका. मुंबईचे दोन विमानतळ आता वेगळे मोजायचे. तिकिटावर शहराचे नाव ‘मुंबई’ दिसते, म्हणून चालकाला पाठवताना विमानतळाचा तीन अक्षरी कोड बघूनच पाठवा. सहारचा बीओएम, नवी मुंबईचा एनएमआय.

प्रश्न : मुंबई विमानतळ ते पुणे गाडीचा वेळ किती धरावा? आणि 45 पाहुण्यांसाठी कोणत्या गाड्या घ्याव्यात? – ट्रॅव्हल डेस्क कर्मचारी, हिंजवडी

सहारहून पुणे सुमारे 150 किलोमीटर. रस्ता मोकळा असेल तर तीन-साडेतीन तास. येताना चार धरा, परतीला साडेपाच धरा. परतीला जास्त का, तर येताना उशीर झाला तर पाहुण्याचे जेवण हुकते, परतीला उशीर झाला तर विमान हुकते.

शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी सकाळी मुंबईहून पुण्याकडे येणारी बाजू बोरघाटात तुंबते. रविवारी संध्याकाळी उलट. लागून सुट्ट्या आल्या की ही गर्दी दुप्पट होते. पावसाळ्यात आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळल्याच्या घटना घडल्या आहेत, जुलै 2023 मध्येही अशीच वाहतूक थांबली होती. शिवाय द्रुतगती मार्गावर कामासाठी अधूनमधून एक-दोन तासांचे ब्लॉक घेतले जातात, त्यांची सूचना आदल्या दिवशीच्या वर्तमानपत्रात असते. गाड्या सुटण्याच्या आदल्या संध्याकाळी ती कुणीतरी नावानिशी जबाबदारी घेऊन बघावी.

तुम्ही हिंजवडीत आहात हा तुमचा फायदा आहे. द्रुतगती मार्ग किवळ्याला संपतो आणि हिंजवडी, बालेवाडी, वाकड हे भाग शहरात न शिरता गाठता येतात. लोहगावहून हिंजवडीला यायचे तर सुमारे 25 किलोमीटरच असले तरी अख्खे शहर ओलांडावे लागते आणि संध्याकाळी त्याला दीड-दोन तास लागू शकतात. चाकणला जाणाऱ्यांनाही तळेगावला उतरता येते, फक्त तळेगाव–चाकण रस्त्यावरची मालवाहतूक गृहीत धरा. उलट कार्यक्रम खराडी, विमाननगर किंवा मगरपट्ट्यात असेल तर लोहगावला उतरण्याचे महत्त्व वाढते. कार्यक्रमाची जागा निवडतानाच हे बघावे. बहुतेक जण आधी हॉल ठरवतात आणि विमानांचा विचार महिनाभराने करतात.

गाड्यांबाबत : सीट मोजू नका, बॅगा मोजा. सतरा सीटच्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये मोठ्या बॅगांसह दहा-अकरा जणच नीट बसतात. इनोव्हात मोठ्या बॅगांसह तिघे. मोठ्या बसला खाली डिकी असते, पण 45 जण एकाच वेळी उतरत नाहीत, आणि पहिल्याला शेवटच्यासाठी चार तास थांबवणे बरे नाही. पाहुण्यांना उतरण्याच्या वेळेप्रमाणे दोन-दोन तासांच्या गटांत वाटा, प्रत्येक गटाला एक ट्रॅव्हलर द्या, आणि एक इनोव्हा दिवसभर रिकामी राखून ठेवा. उशिरा आलेल्यासाठी, आजारी पडलेल्यासाठी, बॅग हरवल्याने मागे राहिलेल्यासाठी ती लागतेच.

आणि एक चूक, जी दर मोठ्या कार्यक्रमात होते. यादीत लिहिले जाते : ‘10 तारीख, रात्री 12:40’. चालक दहा तारखेची रात्र समजतो. विमान प्रत्यक्षात नऊ तारखेच्या रात्रीच, म्हणजे दहा तारीख उजाडताच आलेले असते. पाहुणा 24 तास आधी येऊन दाराशी उभा असतो. यादीत चोवीस तासांची वेळ लिहा आणि शेजारी शब्दांत लिहा : ‘सोमवारची रात्र संपून मंगळवार लागताना, 00:40’. यादीत पासपोर्टवरचे पूर्ण नाव, विमान क्रमांक, विमानतळ व टर्मिनल, पाहुण्याचा व्हॉट्सॲप क्रमांक आणि बॅगांची संख्या एवढे रकाने पुरतात. सकाळ-संध्याकाळ विमान क्रमांकावरून वेळ तपासून यादी नवी करा आणि जुनी यादी ग्रुपवरून काढून टाका. दोन याद्या फिरू लागल्या की घोळ झालाच म्हणून समजा.

प्रश्न : पाहुण्यांनी बिझनेस व्हिसा घ्यावा की कॉन्फरन्स व्हिसा? – कंपनी सचिव, शिवाजीनगर

कार्यक्रमाचे स्वरूप बघा. तुमच्या कंपनीशी व्यवहार करणारे लोक बैठकीला, कारखाना पाहायला किंवा प्रदर्शनाला येत असतील तर ई-बिझनेस व्हिसा योग्य. तो साधारणपणे एका वर्षासाठी आणि अनेकदा येण्याजाण्याचा असतो. त्यासाठी तुमच्या लेटरहेडवरचे निमंत्रण आणि पाहुण्याचे व्हिजिटिंग कार्ड लागते. विषयवार परिषद, चर्चासत्र, कार्यशाळा असेल तर ई-कॉन्फरन्स व्हिसा. तो 30 दिवसांचा आणि एकदाच येण्याचा असतो. इथे आयोजकाचे काम वाढते, कारण परिषदेला गृह मंत्रालयाची मंजुरी आणि परराष्ट्र मंत्रालयाची राजकीय अनापत्ती (हरकत नसल्याचे पत्र) लागते आणि ही कागदपत्रे पाहुण्याला अर्जासोबत जोडावी लागतात. मंजुरीसाठी निदान दोन-तीन महिने आधी हालचाल करा. निमंत्रणपत्रावर ‘परिषद’ छापायचे आणि पाहुण्याला पर्यटन व्हिसा काढायला सांगायचे, हे करू नका. इमिग्रेशनच्या खिडकीवर तो पाहुणा एकटा असतो आणि उत्तर त्यालाच द्यावे लागते.

ई-व्हिसा अर्ज प्रवासाच्या किमान चार दिवस आधी करावा लागतो, आम्ही चार आठवडे सुचवतो. पासपोर्टची मुदत आल्यापासून सहा महिने हवी आणि दोन कोरी पाने हवीत. ई-व्हिसावर ठरवून दिलेल्या विमानतळांवरूनच येता येते, पुणे त्या यादीत आहे. हुबेहूब दिसणारी खासगी संकेतस्थळे जादा पैसे घेतात, म्हणून सरकारी पत्ता निमंत्रणातच द्या. राहण्याचा देश बघू नका, पासपोर्ट बघा. दुबईहून येणारा माणूस कोणत्याही देशाचा असू शकतो. पाकिस्तानी पासपोर्ट असणाऱ्यांना आणि मूळ पाकिस्तानी असणाऱ्यांना ई-व्हिसा मिळत नाही, त्यांनी दूतावासाकडेच अर्ज करायचा असतो.

1 ऑक्टोबर 2025 पासून परदेशी नागरिकांसाठी ऑनलाइन ई-अरायव्हल कार्ड आले आहे. ते उतरण्याच्या आधीच्या 72 तासांत भरायचे. त्यात भारतातला पत्ता लागतो, म्हणून हॉटेलचा पूर्ण पत्ता आणि फोन पाहुण्याला आधी पाठवा. पाहुणे कंपनीच्या गेस्ट हाउसमध्ये उतरणार असतील तर त्यांची नोंद म्हणजे फॉर्म सी 24 तासांत भरणे ही तुमची जबाबदारी. हॉटेल हे स्वतः करते, गेस्ट हाउस बहुधा विसरते.

प्रश्न : मोशीच्या प्रदर्शनात आमचा इटालियन भागीदार छोटे यंत्र आणणार आहे. ते बॅगेतून आणले तर चालेल का? – प्रदर्शक, चिंचवड

बॅगेतून नको. कस्टम्सला ते विक्रीसाठी आणलेले वाटले तर शुल्क लागेल किंवा माल अडकेल. भागीदाराने इटलीतल्या चेंबरकडून (व्यापारी मंडळाकडून) एटीए कार्नेट, म्हणजे माल तात्पुरता परदेशी नेण्याचे कस्टम्सचे कागदपत्र, काढावे. भारतात या व्यवस्थेची हमी फिक्की ही उद्योगांची संघटना घेते. कार्नेटमुळे शुल्क न भरता यंत्र आणून परत नेता येते, अट एवढीच की येताना आणि जाताना दोन्ही वेळा कस्टम्सचा शिक्का पडला पाहिजे. जातानाचा शिक्का राहिला तर यंत्र भारतातच राहिले असे धरून नंतर शुल्काची मागणी येते, आणि घाईत हाच शिक्का राहतो. परतीच्या दिवशी त्यासाठी दोन तास वेगळे ठेवा. वाटायची पत्रके, भेटवस्तू, वापरून संपणारे तेल-रंग कार्नेटमध्ये बसत नाहीत.

यंत्रात बॅटरी असेल तर तिची क्षमता विचारा. सुटी लिथियम बॅटरी फक्त हातातल्या सामानात, 100 वॉट-अवरपर्यंत. 100 ते 160 पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते. त्याहून मोठी असेल तर मालवाहतुकीनेच.

सगळ्याच परदेशी पाहुण्यांना कळवावे असे आणखी थोडे : सॅटेलाइट फोन भारतात परवानगीशिवाय आणता येत नाही, गिर्यारोहक वापरतात तसली उपग्रहावरून संदेश पाठवणारी छोटी उपकरणेही नाहीत. अशा प्रकरणांत परदेशी प्रवाशांना अटक झालेली आहे. ई-सिगारेटवर 2019 पासून बंदी आहे. परदेशी ड्रोन आणण्यावरही 2022 पासून बंदी आहे, त्यामुळे चित्रीकरण पथकाने इथलाच ड्रोनचालक घ्यावा. लोहगाव हवाई दलाचा तळ असल्याने धावपट्टीचे फोटो काढू नयेत, हेही सांगून ठेवा.

प्रश्न : परिषदेसाठी कोणता महिना चांगला? – वाचक, डेक्कन

जानेवारीचा शेवट ते मार्चचा मध्य. हवा चांगली, पाऊस नाही, दिल्लीचे धुके ओसरलेले. गणेशोत्सवात, विशेषतः विसर्जनाच्या दिवशी, मध्य पुण्यातले रस्ते बंद असतात. पालख्या पुण्यात मुक्कामी असतानाही तेच. ज्यांना ते पाहायचे आहे त्यांना जरूर बोलवा, पण कामकाजाचे सत्र त्या दिवशी ठेवू नका. दिवाळीच्या आठवड्यात हॉटेले रिकामी असतात म्हणून स्वस्त वाटतात, मात्र विमाने भरलेली असतात.

विमानांची वेळापत्रके वर्षातून दोनदा बदलतात : मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. नोव्हेंबरची परिषद असेल आणि तुम्ही जुलैतल्या वेळा बघून कार्यक्रम छापला, तर तो चुकण्याची शक्यता मोठी. मुंबईच्या धावपट्ट्या पावसाळ्याआधी मे महिन्यात एक दिवस, आणि पावसाळ्यानंतर पुन्हा एक दिवस, साधारण सकाळी 11 ते संध्याकाळी 5 देखभालीसाठी बंद असतात. तारीख बरीच आधी जाहीर होते. लोहगावची धावपट्टी 16 ते 29 ऑक्टोबर 2021 अशी सलग चौदा दिवस बंद होती, तेव्हा पुण्यात एकही विमान उतरले नाही. तारीख पक्की करण्याआधी अशी काही सूचना आहे का, हे विमानतळ कार्यालयाला विचारा.

प्रश्न : ग्रुप बुकिंग स्वस्त पडते का? – वाचक, हडपसर

दहा किंवा अधिक जण एकाच विमानाने जाणार असतील तर विमान कंपनी ग्रुप भाडे देते. ते नेहमी स्वस्त असते असे नाही, पण जागा आणि भाव राखून ठेवला जातो आणि नावे नंतर देता येतात. अनामत भरावी लागते आणि नावांची शेवटची तारीख पाळली नाही तर जागा परत जातात. वेगवेगळ्या शहरांतून येणाऱ्यांसाठी ग्रुप बुकिंगच्या मागे लागू नका. त्यांना ‘सोमवारी सकाळी 6 ते दुपारी 2 दरम्यान पोहोचा’ अशी वेळेची चौकट द्या, तिकीट त्यांना काढू द्या आणि पैसे नंतर द्या. त्यांच्या शहरातून कोणते विमान सोयीचे, हे त्यांना तुमच्यापेक्षा चांगले कळते.

प्रश्न : ऐनवेळी विमान रद्द झाले तर? – परिषद समन्वयक, बाणेर

डिसेंबर 2025 मध्ये वैमानिकांच्या कामाच्या तासांच्या नव्या नियमांनंतर देशभरात हजारो फेऱ्या रद्द झाल्या आणि पुण्यातही प्रवासी अडकले. असे पुन्हा होऊ शकते हे धरूनच कार्यक्रम आखा.

उद्घाटनाचा मुख्य वक्ता कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी पुण्यात हवा, त्याच दिवशी सकाळी येणारे विमान त्याच्यासाठी कधीही घेऊ नका. पहिल्या दिवशी सकाळी नोंदणी आणि कारखाना भेट ठेवा, मुख्य भाषण दुपारी तीननंतर. देशांतर्गत विमानाला सहा तासांपेक्षा जास्त उशीर होणार असेल तर डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) नियमाप्रमाणे प्रवाशाला दुसरे विमान किंवा पूर्ण परतावा मागता येतो. पाहुण्याला हे माहीत नसते, म्हणून त्याच्या वतीने तुमच्या माणसाने काउंटरवर मागावे.

दिल्ली, बेंगळुरू किंवा हैदराबादला अडकलेल्यासाठी मुंबईचे विमान आणि तिथून गाडी हा पर्याय बहुतेक वेळा खुला असतो. मुंबईला दिवसभर विमाने असतात. पाहुण्याने दुसरे तिकीट काढण्याआधी त्याची चेक-इन केलेली बॅग परत मिळाली आहे का, हे मात्र विचारा. बॅग पुण्याला आणि माणूस मुंबईला गेला तर दोघांची भेट व्हायला दोन दिवस लागू शकतात.